अलेक्झांड्रियात दोन दिवस: काय बघायचं, कुठल्या क्रमाने आणि कुठं थांबायचं

इजिप्तला जाणारे आपले बहुतेक लोक सकाळी कैरोहून बसमध्ये बसतात, अलेक्झांड्रियात चार ठिकाणी उतरून फोटो काढतात, समुद्राकाठी मासे खातात आणि रात्री परत कैरोला, आणि मग घरी येऊन सांगतात की तिथं काही विशेष नाही हो. एका अर्थी त्यांचं बरोबरच आहे. ज्या तीन गोष्टींनी हे शहर प्रसिद्ध आहे, म्हणजे दीपगृह, ग्रंथालय आणि अलेक्झांडरची कबर, त्यातली एकही आज जागेवर नाही. दीपगृह भूकंपांनी पाडलं, जुनं ग्रंथालय कधीच गेलं, कबर अजून कुणाला सापडलेली नाही. पण गेलेल्या गोष्टींचे दगड इथंच आहेत, काही किल्ल्यात, काही मशिदीत, काही चक्क समुद्राच्या तळाशी, आणि ते ओळखायची नजर बसली की दोन दिवस पण कमी पडतात. म्हणून पहिला सल्ला हाच, एक रात्र तरी मुक्काम करा, एका दिवसाची ट्रिप म्हणजे पैसे वाया.

आम्ही तिघं गेलो होतो नोव्हेंबरात, मी, नवरा आणि सासूबाई, वय ७१, एक गुडघा बदललेला. त्यामुळं खाली मी पायऱ्या मोजून सांगितल्यात, त्या उगाच नाही.

आधी गाडी आणि मुक्काम

कैरोच्या रामसेस स्टेशनवरून रेल्वे घ्या. अंतर साधारण २२० किलोमीटर, अडीच-तीन तास लागतात, एसी डब्याचं तिकीट एक-दोन दिवस आधी काढून ठेवा, शुक्रवार-शनिवार तिथला वीकेंड असल्यामुळं गाड्या भरलेल्या असतात. आता महत्त्वाचं. अलेक्झांड्रियात दोन मोठी स्टेशनं आहेत, आधी लागतं सीदी गाबेर आणि शेवटचं ते महत्तत मस्र. सीदी गाबेर आलं की निम्मा डबा उठतो, बॅगा काढतो, आणि आपल्याला वाटतं आलंच. आम्ही उतरलो. म्हणजे सीएसएमटीला जायचं आणि दादरला सगळे उतरले म्हणून आपणही उतरायचं, तसलं झालं. मग ॲपवरून टॅक्सी बोलावली, ती कॉर्निशच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याच्या, ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकली, आणि सासूबाई मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाल्या, तू तर म्हणालीस स्टेशनपासून हॉटेल जवळ आहे. तेव्हा शेवटच्या स्टेशनापर्यंत बसून राहा.

मुक्काम महत्तत अल-रमल भागात करा. शंभर वर्षांच्या जुन्या इमारती, खाली कॅफे, समोर समुद्र, आणि बघायच्या निम्म्या जागा इथून चालत. फक्त बुकिंग करताना लिफ्ट चालू आहे का एवढं विचारून घ्या, जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट फोटोला छान दिसते पण बंद असली की चार मजले चढावे लागतात.

पैशाचं असं आहे की सरकारी पुरातत्त्व स्थळांच्या तिकीट खिडकीवर आता बहुतेक ठिकाणी फक्त कार्ड चालतं, रोख घेत नाहीत, आणि याच्या उलट बाहेर चहा, सँडविच, टॅक्सी, मशिदीतला चपला ठेवणारा, सगळ्यांना सुट्टे पैसे लागतात. दोन्ही जवळ ठेवा. पासपोर्ट पण सोबत असू दे, प्रार्थनास्थळांच्या दारात विचारू शकतात. पोलीस, लष्कर, चौक्या यांचे फोटो अजिबात काढायचे नाहीत.

हवा म्हणाल तर एप्रिल नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला. डिसेंबर-जानेवारीत समुद्रावरून वादळं येतात, त्यांना तिथले लोक 'नव्वा' म्हणतात आणि आपल्याकडं नक्षत्रांचा पाऊस असतो तशी प्रत्येक नव्व्याला नाव आणि ठरलेली तारीख असते.

पहिला दिवस: जमिनीखालून सुरुवात

सकाळी दारं उघडायच्या वेळेलाच कर्मूझ भागात कोम अल-शुकाफाला पोचा. कैरोच्या टूर बसेस साधारण अकराला येतात आणि मग खाली श्वास घ्यायला जागा राहत नाही. ही इ.स. दुसऱ्या शतकातली भूमिगत दफनभूमी, आणि ती सापडली १९०० साली, एक गाढव पायाखालची जमीन खचून खाली पडलं म्हणून, असं सांगतात. गोल फिरत जाणारा जिना आहे, ९९ पायऱ्या, मधे विहिरीसारखी पोकळी जिथून दोरानं मृतदेह खाली सोडायचे. पायऱ्या घासलेल्या आहेत, कठडा नीट धरा. सासूबाई थांबत थांबत उतरल्या. जिना संपतो तिथं भिंतीत शिंपल्याच्या आकाराचे दोन कोनाडे आहेत आणि त्यात बसायला दगडी बाक, त्या तिथं बसून म्हणाल्या, त्या काळी पण कुणाचे तरी गुडघे दुखत असणार.

खाली एका बाजूला तीन दगडी ओटे असलेली खोली आहे, नातेवाईक येऊन मृताच्या आठवणीत जेवायचे ती. जेवण झाल्यावर भांडी घरी न्यायची नाहीत, तिथंच फोडायची, म्हणून त्या खापऱ्यांचा डोंगर झाला, आणि कोम अल-शुकाफा म्हणजे खापऱ्यांची टेकडीच. आपल्याकडं स्मशानात मडकं फोडतात ते आठवल्याशिवाय राहत नाही.

पण खरं बघायचं ते मुख्य कबरीचं दार. घाई करू नका, इथं दहा मिनिटं उभे राहा. दाराच्या दोन्ही बाजूंना दाढीवाले साप आहेत, हो दाढीवाले, आणि त्यांच्या डोक्यावर फॅरोचा दुहेरी मुकुट. सापांच्या वर ढाल, ढालीवर ग्रीकांची मेडुसा, केसांच्या जागी साप असलेली. आत गेलं की वळून दाराकडं बघा, बहुतेक लोक वळतच नाहीत. तिथं कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस उभा आहे, इजिप्तचा मृतांचा देव, आणि त्याच्या अंगावर रोमन सैनिकाचं चिलखत. मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूनं तिरका धरा, चिलखताच्या पट्ट्या एकेक सुट्या दिसायला लागतात. म्हणजे मालक कोण तर अलेक्झांड्रियाचा कुणी श्रीमंत माणूस, देव इजिप्तचे, कारागिरी ग्रीक वळणाची, गणवेश रोमचा. या शहराचा स्वभाव एवढ्या एका दारात कळतो. आतल्या तीन शवपेट्यांची झाकणं उघडतच नाहीत, ती दगडातच कोरलेली आहेत, देह मागच्या बोळातून आत सरकवायचे.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर पाँपीचा खांब. टॅक्सी नको, मधला बाजार बघण्यासारखा आहे. नाव चुकीचं पडलंय, रोमन सेनापती पाँपीचा आणि याचा संबंध नाही, हा खांब इ.स. २९७-२९८ च्या सुमारास डायोक्लेशियन या रोमन बादशहाच्या मानासाठी उभा केला. एकूण उंची जवळपास २७ मीटर, त्यातला मधला वीसेक मीटरचा दांडा एकाच अखंड दगडाचा, लाल ग्रॅनाइट, जो आस्वानहून नाईलवरून हजारेक किलोमीटर आणलेला. हा लाल ठिपक्यांचा दगड नीट बघून ठेवा, उद्या परत भेटणार आहे.

लोक खांबाचा फोटो काढून निघतात. तुम्ही खालच्या भुयारात जा. इथं सेरापिसचं देऊळ होतं, आणि सेरापिस हा टॉलेमी राजांनी, म्हणजे अलेक्झांडरनंतर इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्यानं, चक्क जुळवून आणलेला देव, मूळ इजिप्तचा ओसिरिस आणि आपिस बैल, चेहरा-दाढी मात्र ग्रीक, कारण दोन्हीकडची प्रजा एका देवळात आणायची होती. मोठ्या ग्रंथालयाची शाखा पण इथंच होती. इ.स. ३९१ मध्ये देऊळ पाडलं गेलं. भुयारात भिंतीला कोनाडे आहेत, ते पुस्तकांचे असं गाईड ठासून सांगतात, मी आपलं ऐकून घेतलं.

दुपारी परत मस्र स्टेशनकडं या, स्टेशनाच्या अगदी जवळ कोम अल-दिक्का. १९६० मध्ये इथं इमारत बांधायला म्हणून टेकाड साफ करत होते आणि खाली रोमन काळातलं अर्धगोल नाट्यगृह निघालं, पांढऱ्या संगमरवराच्या १३ ओळी. उत्खनन पोलंडच्या लोकांनी केलं. मधल्या जागी उभं राहून बोललं की स्वतःचा आवाज घुमून कानावर येतो, नवऱ्यानं 'गणपती बाप्पा' म्हणून बघितलं आणि मागं उभ्या असलेल्या शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण माझ्या मते इथली मोठी गोष्ट नाट्यगृह नाही, त्याच्या पुढं ओळीनं असलेल्या खोल्या आहेत. घोड्याच्या नालेसारखे दगडी बाक आणि बरोबर मधे, उंचावर, शिक्षकाची जागा. पाचव्या-सहाव्या शतकातले वर्ग आहेत हे, वीसेक तरी, म्हणजे ग्रंथालय गेलं तरी शिकवणं चालूच होतं. तिथंच पक्ष्यांची मोझाइक फरशी असलेलं घर आहे, त्याला वेगळं तिकीट, पाय दुखत नसतील तर घ्या.

ग्रीको-रोमन म्युझियम इथून जवळ. १८९२ चं, २००५ पासून बंद होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडलं. दोन तास काढा. सेरापियममध्ये, म्हणजे सकाळी बघितलेल्या सेरापिसच्या देवळात, सापडलेला काळ्या दगडाचा आपिस बैल चुकवू नका, नंदीची सवय असलेल्या माणसाला तो लगेच आपला वाटतो. समुद्राचे देव बघताना मला कोल्हापूर आठवलं, तिथं ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती निघाली होती आणि ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे.

नबी दानियाल रस्ता: अर्ध्या तासात तीन धर्म

संध्याकाळ या एका रस्त्यासाठी ठेवा. फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे स्टॉल आहेत, अगदी आपल्या अप्पा बळवंत चौकासारखा माहोल. नबी दानियाल मशिदीखाली अलेक्झांडरची कबर आहे अशी दंतकथा दीडशे-दोनशे वर्षं चालू आहे, खणून बघणारे बघून गेले, काही निघालं नाही.

याच रस्त्यावर एलियाहू हनावी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. मूळ १३५४ चं, नेपोलियनच्या स्वारीत पडझड झाली, १८५० मध्ये परत बांधलं, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर जानेवारी २०२० मध्ये उघडलं. एकेकाळी शहरात हजारोंनी ज्यू होते, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आतल्या बाकांवर नेहमी बसणाऱ्यांच्या नावाच्या पितळी पट्ट्या अजून आहेत. पण आत जाणं सोपं नाही, परवानगी लागते, दारावर पोलीस असतात, आम्हाला फाटकातूनच बघावं लागलं. वाद घालू नका, दारात घुटमळू नका, पुढं चला.

पुढं म्हणजे सेंट मार्कचं कॉप्टिक कॅथेड्रल, कॉप्टिक म्हणजे इजिप्तचे मूळचे ख्रिस्ती. इजिप्तमध्ये ख्रिस्ती धर्म आणला तो सेंट मार्कनं, पहिल्या शतकात, आणि चर्चची मूळ जागा त्याचीच अशी परंपरा आहे, म्हणून कॉप्टिक पोप राहतात कैरोला पण पदवी अलेक्झांड्रियाचीच लावतात. आजची इमारत विसाव्या शतकातली आहे, त्यामुळं पुरातन दगड शोधत जाऊ नका, गोष्टीसाठी जा. इ.स. ८२८ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी संताचे अवशेष इथून पळवले, आणि तपासणाऱ्या मुसलमान अधिकाऱ्यांनी हात लावू नये म्हणून वर डुकराचं मांस ठेवलं अशी कथा आहे. धड व्हेनिसला गेलं, शिर इथंच राहिलं असं कॉप्टिक लोक मानतात. २०१७ मध्ये पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, दारात बॉम्बस्फोट झाला होता, त्यामुळं तपासणी कडक आहे, मोठी बॅग हॉटेलवर ठेवून या. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर गुपचूप बसा, कुणी हाकलत नाही.

रात्री रमलच्या चौकात चहा पिताना एवढं लक्षात ठेवा की याच भागात सीझरचं मंदिर होतं आणि त्याच्यापुढं दोन ओबेलिस्क, म्हणजे टोकदार चौकोनी दगडी स्तंभ, ज्यातला एक १८७८ ला लंडनला उभा राहिला आणि दुसरा १८८१ ला न्यूयॉर्कला. क्लिओपात्राच्या सुया म्हणतात त्या याच. शाकाहारी लोकांनी घाबरू नये, फूल म्हणजे बाकल्याची उसळ, तामिया म्हणजे त्याच बाकल्याचे वडे, आणि कोशरी म्हणजे भात-मसूर-मॅकरोनी एकत्र, वर तळलेला कांदा. सासूबाईंनी फूलवर कच्चा कांदा आणि लिंबू पिळून घेतलं आणि मिसळीची तर्री पाहिजे होती म्हणाल्या.

दुसरा दिवस: बेटावर

जुन्या काळी फारोस हे बेट होतं. अलेक्झांडरनंतर ते सव्वा किलोमीटरच्या बांधानं किनाऱ्याला जोडलं, बांधाच्या दोन्ही बाजूंना गाळ साचत गेला आणि आज त्यावर अख्खा मोहल्ला उभा आहे. मुंबईच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

सकाळी आधी अबू अल-अब्बास अल-मुर्सीची मशीद. शुक्रवार असेल तर दुपारचा नमाज उरकेपर्यंत जाऊ नका. हे सूफी संत मूळचे स्पेनमधल्या मुर्सियाचे, जन्म १२१९ चा, इथं येऊन राहिले आणि इथंच गेले. आजची मशीद विसाव्या शतकात मारियो रॉस्सी नावाच्या इटालियन वास्तुविशारदानं बांधली, आतून अष्टकोनी, वर बघत राहिलात तर मान दुखते. बायकांचा दरवाजा वेगळा आहे, स्कार्फ लागतो, चपला देताना सुट्टे पैसे हातात ठेवा. वातावरण एकदम आपल्या हाजी अलीसारखं, बायका जाळीला हात लावून काहीतरी मागतायत, पोरं फरशीवर घसरगुंडी खेळतायत, बाहेर फुगेवाले. एक म्हाताऱ्या बाई सासूबाईंशेजारी बसल्या, दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी गुडघ्यावर हात ठेवून दोघींचं बराच वेळ बोलणं चाललं होतं. समोरच इमाम बुसीरी यांची मशीद आहे, पैगंबरांच्या स्तुतीचं 'बुर्दा' हे प्रसिद्ध काव्य लिहिणारे ते हेच.

पुढं रास अल-तीनचा राजवाडा लागतो, तो आत बघता येत नाही. राजा फारूकनं २६ जुलै १९५२ ला सिंहासन सोडलं आणि इथूनच बोटीत बसून देश सोडला.

आता कायतबाय किल्ला. किल्ला म्हणून हा आपल्या सिंधुदुर्ग-जंजिऱ्यापुढं लहान आहे, उगाच खोटं कशाला बोलू. पण जागा बघा. इ.स.पू. २८० च्या सुमारास इथं शंभर मीटरच्या वर उंचीचं दीपगृह उभं राहिलं, सोळाशे वर्षं कसंबसं टिकलं, मग १३०३ आणि १३२३ च्या भूकंपांनी त्याचं कंबरडं मोडलं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३२६ ला आला तेव्हा एक बाजू ढासळली होती, १३४९ ला परत आला तर आत शिरायलाही वाट नव्हती. १४७७ मध्ये सुलतान कायतबायनं त्याच पायावर, पडलेले दगड वापरून किल्ला बांधायला घेतला. आणि इथं तुम्हाला कालचा दगड भेटतो. फिकट चुनखडीच्या भिंतीत, दाराच्या चौकटीशी, मधेच लाल ग्रॅनाइटचे मोठे तुकडे बसवलेले दिसतात, रंगानंच वेगळे कळतात. हात लावून बघा, चुनखडी खरखरीत आणि खारट हवेनं भुगा झालेली, ग्रॅनाइट मात्र गार आणि गुळगुळीत. बाकीचे दगड समोरच्या पाण्यात आहेत, १९९४ मध्ये पाणबुड्यांनी तिथं शेकडो तुकडे, स्फिंक्स, पुतळे शोधून काढले.

किल्ल्याच्या आतली छोटी मशीद आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्या बघा, तासभर पुरे. पायऱ्या उंच आहेत, सासूबाई खाली भिंतीवर बसून समुद्र बघत राहिल्या, त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. जेवण इथंच, मासे बर्फावर मांडलेले असतात, आपण निवडायचा, वजन करून घ्यायचं आणि भाव आधी ठरवायचा. हे न करता बसलात तर बिल बघून भूक मरेल.

दुपारी नवीन ग्रंथालय, बिब्लियोथेका. ऑक्टोबर २००२ मध्ये उघडलं. शुक्रवार-शनिवारी वेळा वेगळ्या असतात, आधी बघून जा, आणि बॅग बाहेरच्या काउंटरला ठेवावी लागते. दारात जो महाकाय टॉलेमी उभा आहे तो किल्ल्याजवळच्या समुद्रातून वर काढलेला. बाहेरच्या गोल ग्रॅनाइट भिंतीवर जगातल्या १२० लिप्यांची अक्षरं कोरली आहेत, आम्ही देवनागरी शोधत अर्धा तास फिरलो, एवढ्यात गार्डनं आत जा म्हणून खूण केली. आत इंग्रजीतून टूर असते, ती घ्या, नाहीतर नुसता मोठा हॉल बघून परत याल.

या वाचनकक्षात माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. टॉलेमी नावाचा भूगोलकार (राजा नव्हे) दुसऱ्या शतकात याच शहरात काम करत होता, आणि त्याच्या ग्रंथात आपलं पैठण आहे, 'बैठण' म्हणून, राजाच्या नावासकट, सातवाहन पुळुमावी. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी इजिप्तच्याच एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यानं लिहिलेल्या बंदरांच्या यादीत सोपारा आणि कल्याण आहे. आम्ही कल्याणचे. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मग तेव्हा लोकलला गर्दी नसेल.

तिसरा दिवस असेल तर

मोंताझाच्या बागा मी सोडून देईन, हिरवळ आणि बाहेरून राजवाडा, बस. त्याऐवजी अल-अलामेनला जा, पश्चिमेला शंभरेक किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धातल्या १९४२ च्या लढाईचं ठिकाण, आणि इथल्या राष्ट्रकुल स्मशानभूमीत एक वेगळं दहन-स्मारक आहे ज्यावर इजिप्त-लिबियात अग्निसंस्कार झालेल्या सहाशेहून जास्त भारतीय जवानांची नावं आहेत. आपले फार कमी लोक तिथं जातात, गाईड पण स्वतःहून दाखवत नाही, 'इंडियन' म्हणून विचारावं लागतं. टॅक्सी अलेक्झांड्रियाहूनच येण्या-जाण्याची ठरवा, थांबायचे तास धरून, आणि निम्मे पैसे परतल्यावर द्या, कारण स्मशानभूमीच्या फाटकाबाहेर वाळू आणि हायवे सोडून काही नाही आणि तिथं ॲपवर एकही गाडी दाखवत नाही.